होळीला न जाणारी बाई

"काय करून राहिल्या ताई?"

मी काय करून राहिले ते भिंतीपलीकडून ढळढळीत दिसत होतं. खाटेवर ओलं फडकं, शेजारी बिबड्यांच्या घाट्याचं पातेलं, पाण्याची वाटी, आणि माझी बोटं भाजल्यासारखी लाल. पण आमच्या नंदुरबारात हा प्रश्न म्हणजे दाराची कडी. वाजवायची आणि आत यायचं. वहिनींना आत यायचीही गरज नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात आमच्या सामायिक भिंतीच्या कोपऱ्यातल्या सहा-सात विटा पडल्या. त्या लावायच्या कुणी यावर दोन्ही घरच्या पुरुषांचं एकमत झालं नाही, आणि आम्हा दोघींना बसायला जागा झाली.

"या, थापू लागा," म्हटलं. "घाटा गार झाला की चिरा पडतात."

वहिनी आल्या, बसल्या, हात ओला केला, पण लक्ष बिबड्यात नव्हतं. मान पलीकडच्या बंगल्याकडे वळवून आवाज खाली आणला. "काकूंचं कळलं का? सिंगापूरवाला बाई पाठवून राहिला."

"कोणती बाई?"

"तिकडची. फिलिपाइन्स का इंडोनेशिया, तिथली. त्याच्या घरी आहे ना एक, पोरं सांभाळायला? तशीच एक आईसाठी. चोवीस तास घरात राहणारी. इंग्रजी बोलणारी. पंधरा दिवसांत व्हिसा काढतो म्हणे."

माझ्या हातातलं बिबडं वाकडं झालं.

काकांना अर्धांगवायू झाला त्याला आता दीड वर्ष होईल. उजवी बाजू गेली, वाचा बरीचशी गेली. थोरली मुलगी सुरतेला, धाकटा सिंगापूरला. काकूंचे गुडघे हे असे. मग धडगावकडची एक पावरा मुलगी मिळाली. चोवीस-पंचवीसची, आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली, आणि हात असा हलका की काका फक्त तिच्याकडूनच दाढी करून घ्यायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आली होळी.

आता होळीला सातपुड्यातलं माणूस थांबवून ठेवणं म्हणजे तापीचा पूर फडक्याने अडवणं. आधी भोंगऱ्या बाजार, मग काठीची राजवाडी होळी, ती पहाटे पेटते, मग आज या गावची, उद्या त्या गावची. एकाच रात्री उरकलं असं तिकडे नसतं. त्यात या पोरीचा भाऊ यंदा नवसाने बुध्या झालेला. मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं, अंगभर ठिपके, आणि पाळणूक कडक. घरातलं माणूस बुध्या झाल्यावर बहिणीने नंदुरबारात बसून दुसऱ्याच्या बापाचं पांघरूण सारखं करायचं, हे होणार होतं का? चार दिवस सांगून गेली. आज सोळावा दिवस. तिच्या गावात मोबाईलला रेंज झाडावर चढलं तर येते.

या सोळा दिवसांत काकूंनी दोन बाया बदलल्या. एकीने काकांना कुशीवर वळवताना खांदा ओढला, दुसरी टीव्हीपुढून उठेना. परवा रात्री काकू व्हिडिओ कॉलवर रडल्या. आणि तिकडून पोराने निकाल दिला, की आई, आता इथलं कुणी नकोच.

"नाही होणार," मी म्हटलं.

"का नाही? पैसेवाला आहे तो."

"अहो, पैशाचा प्रश्न नाही. म्हणजे पैशाचाच आहे, पण वेगळा."

तीस वर्षं तहसीलमध्ये फायली सरकवल्यात मी. निवृत्त झाले तरी नियम दिसला की वाचल्याशिवाय चैन पडत नाही. गेल्या आठवड्यात काकूंनीच हळूच विचारलं होतं, तेव्हा भाच्याच्या लॅपटॉपवर बसून सगळं वाचून काढलं. परदेशी माणसाला आपल्याकडे नोकरीचा व्हिसा मिळायचा तर काम खास कौशल्याचं लागतं. नेहमीचं, साधं, कारकुनी काम चालत नाही, आणि ज्या कामाला आपली माणसं मिळतात त्याला तर नाहीच. वर पगाराची अट, वर्षाला सव्वासोळा लाखांच्या वर. परदेशी खाद्यपदार्थ करणारे त्या-त्या देशाचे आचारी, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषांचे शिक्षक, वकिलातीतली माणसं, अशा थोड्यांना त्या रकमेतून सूट आहे. म्हाताऱ्याला भरवणारी, पुसणारी, वळवणारी बाई त्या यादीत नाही.

"सव्वासोळा लाख म्हणजे महिन्याला..." वहिनींनी ओल्या बोटांवर हिशेब केला.

"एक लाख पस्तीस हजार."

"आई गं. एवढा तर आमच्या भाचीला तिकडे मिळणार आहे."

त्यांच्या भाचीची गोष्ट सगळ्या कॉलनीला माहीत आहे, तरी ती दर चार दिवसांनी नव्याने निघते. शहाद्याकडची. बारावीनंतर एएनएम केलं, खासगी दवाखान्यात बारा हजारांवर रात्रपाळ्या केल्या. आता इस्रायलला जायचं घेतलंय. २०२३च्या मे महिन्यात भारत आणि इस्रायलमध्ये बेचाळीस हजार कामगारांचा करार झाला, त्यात चौतीस हजार बांधकामाचे आणि आठ हजार सुश्रूषेचे. पुढे सप्टेंबर २०२४मध्ये त्यांनी आणखी दहा हजार बांधकामवाले आणि पाच हजार केअरगिव्हर मागितले. बांधकामवाल्यांची निवड पुण्यात झाली, तेव्हा पेपरात फोटो आले होते, प्लास्टरची थापी घेऊन ओळीने उभे राहिलेले पोरगे. केअरगिव्हरला दहावी पास आणि नऊशे नव्वद तासांचं प्रशिक्षण लागतं, त्यात प्रत्यक्ष काम धरून. पगार सव्वा लाखाच्या वर. भाची तेच नऊशे नव्वद तास मोजतेय सध्या, भिंतीवर रेघा ओढून.

"तिकडे मिळतो मग व्हिसा, आपल्याकडे का नाही?" वहिनींचा प्रश्न रास्त होता.

"कारण तिकडे म्हाताऱ्याला परवानगी मिळते."

"म्हाताऱ्याला?"

हे मलाही वाचल्यावर गंमतीचं वाटलं होतं. इस्रायलमध्ये राष्ट्रीय विमा संस्था आहे, बिटुआख लेउमी म्हणतात तिला. माणूस म्हातारा झाला, अडला, की तिचा माणूस घरी येऊन बघतो. स्वतः आंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, घास तोंडापर्यंत जातो का, घरात चालता येतं का, पडता का. त्याचे गुण देतात. पुरेसे गुण पडले की त्या घराला परदेशी माणूस ठेवायचा परवाना, मग नोंदणी केलेल्या संस्थेमार्फत बाई, आणि बाईला बी-वन नावाचा कामाचा व्हिसा.

"काकांना किती मार्क पडले असते?"

"पैकीच्या पैकी."

हसायचं नव्हतं, पण दोघी हसलो. काका शिक्षक होते. वहिनींच्या नवऱ्याला गणितात त्यांनीच सात दिले होते, शंभरपैकी.

मग वहिनींनी मूळ मुद्दा काढला, ज्यासाठी त्या सकाळी साडेसातला येऊन बसल्या होत्या. कमरेच्या पिशवीतून घडी केलेले कागद काढले. भाचीला दाखवलेला कराराचा नमुना. "इंग्रजीत आहे. पोरगी म्हणते कळतं मला. पण तिला कळतं म्हणजे किती, ते मला माहीत आहे. तुम्ही वाचा."

हात पुसले. वहिनींना सांगितलं, फडकं वाळू देऊ नका.

कागदाबद्दल मी कडक आहे, त्याला कारण आहे. वहिनींना देवयानी खोब्रागडे आठवत नव्हत्या, मला पक्क्या आठवतात. तहसीलमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. १२ डिसेंबर २०१३ला न्यूयॉर्कमध्ये त्यांना अटक झाली. आपल्याच महाराष्ट्रातल्या, तिथल्या वाणिज्य दूतावासात उपमहावाणिज्यदूत. घरकामाला भारतातून बाई नेली होती, त्यासाठी ए-थ्री नावाचा तात्पुरता व्हिसा काढलेला. सरकारी वकिलांचा आरोप असा, की व्हिसाच्या कागदावर तासाला पावणेदहा डॉलर लिहिलं आणि दुसऱ्या करारात महिन्याला तीस हजार रुपये ठरवलं. खोब्रागडेंनी आरोप नाकारले. त्यांना दिलेल्या वागणुकीवरून दिल्ली इतकी भडकली की अमेरिकन वकिलातीसमोरचे कठडे बुलडोझर लावून काढले. जानेवारीत त्या परत आल्या, मार्चमध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर कोर्टाने आरोपपत्र काढून टाकलं, आणि दोनच दिवसांत सरकारी वकिलांनी नवं दाखल केलं.

आमचे अव्वल कारकून तेव्हा म्हणाले होते, "दोन करार आणि दोन पंचनामे करणारा माणूस कधी ना कधी अडकतो." या प्रकरणात खरं-खोटं काय ते मी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून कुणाच्याही कराराला माझा पहिला प्रश्न एकच, दुसरा कागद आहे का?

"नाही हो, एकच आहे."

"एजंटाने मागितले किती?"

वहिनी गप्प. मग म्हणाल्या, "सुरतेचा एक जण म्हणत होता चार लाख. आधी टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो."

"आणि तुम्ही?"

"मोडायला काढली होती पोहेहार. मग पोरगीच म्हणाली, मावशी, सरकारी मार्गाने जाईन, लागू दे वेळ."

पोरगी शहाणी. नोंदणीकृत एजंटालाही तीस हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशेच्या वर घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का ते बघायचं, नसेल तर चहा पाजून वाटेला लावायचं. टुरिस्ट व्हिसावर कामाला गेलेल्या माणसाचं तिकडे कुणीच नसतं. पगार बुडाला तरी पोलिसांकडे जायची सोय नाही, कारण आधी पोलीस त्यालाच धरतील.

मी कागद वाचत गेले. आठवड्याची सुट्टी लिहिलेली होती. आरोग्यविमा होता. मालक बदलता येतो पण परवाना असलेल्या घरातच. साधारण त्रेसष्ट महिने, म्हणजे सव्वापाच वर्षं. पुढे त्याच म्हाताऱ्याजवळ राहायचं असेल तर मुदत वाढू शकते. नवऱ्याला त्याच काळात तिकडे कामाचा व्हिसा मिळत नाही.

"सव्वापाच वर्षं," वहिनी म्हणाल्या. "पोरगा चौथीत आहे तिचा."

"रजेवर येता येतं."

"येता येतं हो. पण बॉम्ब पडून राहिले तिकडे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे २०२१मध्ये अश्कलोनला रॉकेट पडून एक केरळची बाई गेली होती, इडुक्कीची. म्हातारीला सांभाळायला होती, नवऱ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता गेली. ते वहिनींना मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असणारच. ठाऊक नसतं तर बॉम्बचं काढलंच नसतं. मी दुसरीकडे वळवलं. म्हटलं, तिकडे मराठी माणसं आहेत, माहीत आहे का? आपले बेने इस्राएली. अलिबागच्या बाजूचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. देश झाल्यावर हजारोंनी गेले. डिमोना, लोद, अश्दोद, तिथे म्हाताऱ्या अजून मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकसुद्धा निघतं तिथून.

वहिनींचे डोळे चमकले. "मग तसलीच म्हातारी मागून घ्यावी का? कळण्याची भाकर करून घातली असती पोरीने."

"मागता येत नाही. ज्या घराचा परवाना, तिथे जायचं. कदाचित रशियन निघेल, कदाचित मोरोक्कोची."

"मग बोलणार काय?"

"जे काका बोलतात तेच. हूं आणि अं."

तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावर काकू आल्या. हातात फोन. आम्हाला बघून भिंतीपाशी आल्या. त्यांची भिंत न पडलेली, चांगली छातीपर्यंत, त्यामुळे काकू नेहमी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असल्यासारख्या दिसतात.

"ताई, तो म्हणतो व्हिसा नाही मिळत."

"मी म्हटलं होतं."

"मग तो म्हणतो नेपाळची बघ. त्यांना व्हिसाच लागत नाही म्हणे?"

ते खरं. १९५०चा तह आहे, नेपाळी माणूस आपल्याकडे येऊन राहू शकतो, काम करू शकतो, आपला माणूस तिकडे. काकूंनी तर एक पाऊल पुढे टाकलं होतं. रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा कालच पैसे मागायला आला, तर त्याला उभा करून विचारलं, तुझी बायको येईल का कामाला?

"काय म्हणाला?"

"येईल म्हणाला. पगारही फार नाही सांगितला. पण दसैंच्या सणाला महिनाभर गावी जाणार म्हणाला, दोघं." काकूंनी फोन पदराने पुसला. "व्हिसा नाही ना, मग काय, वाटेल तेव्हा उठून जातात. सिंगापुरात बघा, दोन वर्षांच्या परमिटवर असते बाई. कुठे जात नाही."

तिथलंही मी वाचलं होतं. मालकाला पाच हजार डॉलरची हमी द्यावी लागते, आपले तीन लाखांवर. सरकारला दरमहा तीनशे डॉलर कर, घरात सदुसष्टच्या पुढचं म्हातारं माणूस असेल तर साठच. बाईची दर सहा महिन्यांनी तपासणी, त्यात दिवस गेलेत का तेही बघतात. गेले असतील तर परत पाठवणी. वय तेवीस ते पन्नास, शिक्षण आठ वर्षांचं, आणि ज्या देशांतून बाई चालते त्यात भारतही आहे. म्हणजे काकूंची ती धडगावची पोरगी कागदोपत्री सिंगापूरला जाऊ शकते. सिंगापूरवाल्याची बाई मात्र नंदुरबारला येऊ शकत नाही.

हे मी बोलून दाखवलं. काकू म्हणाल्या, "तिला नेऊन काय करू? ती तिथूनही होळीला येईल."

"नाही यायची. पाच हजार डॉलर अडकलेले असतात. तुमचाच पोरगा येऊ द्यायचा नाही."

"हेच म्हणते ना मी!"

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. घाटा गार होत आला होता, हात चालू होता, जीभही चालू होती. "काकू, तुम्हाला ना फिलिपाइन्सची पाहिजे, ना इंग्रजी बोलणारी. तुम्हाला होळीला घरी न जाणारी पाहिजे. तेवढ्यासाठी व्हिसा."

काकूंनी राग नाही मानला. विचार करून म्हणाल्या, "हो. मग? चुकलं काय माझं? सोळा दिवस मी झोपले नाही."

त्यांचं चुकलं नव्हतंच. गप्प झाल्या त्या वहिनी. करार त्यांच्या मांडीवर होता. एक बिबडं थापता थापता त्यांनी इतकं पातळ केलं की फडक्याचे धागे दिसायला लागले. खूप वेळाने म्हणाल्या, "ताई, यात सणाचं काय लिहिलंय? दिवाळीला देतात का?"

मी पुन्हा कागद घेतला. सणाच्या सुट्ट्या होत्या, वर्षाकाठी काही ठरलेल्या, आपल्या धर्माचे सण निवडायची मुभाही होती. "दिवस आहेत. पण एकेक दिवस सुटे. त्यात काय शहाद्याला येऊन जाता येतं?"

"शहाद्याला नाही," वहिनी म्हणाल्या, "पण न्हायला तर मिळेल निवांत."

ऊन चढलं. पहिल्या फडक्यावरची बिबडी कडेने सुटायला लागली होती. मी मागून पाणी शिंपडून एक अर्धओलं काढलं, वर कच्चं तेल आणि चार शेंगदाणे टाकून काकूंना भिंतीवरून दिलं. काकू उभ्याउभ्या खायला लागल्या. मला वाटतं सोळा दिवसांत कुणी करून दिलेलं त्यांनी पहिल्यांदाच खाल्लं.

फाटकाचा आवाज झाला, तो काकूंच्या.

पोरगी उभी होती. उन्हाने रापलेली, केसांना तेल, डोक्यावर मोहफुलांचं गाठोडं, पायात नवी चप्पल. नाचून नाचून आवाज बसलेला. काकूंनी तोंडातला घास तसाच ठेवून बोलायला सुरुवात केली. सोळा दिवसांचं साठलेलं होतं, खांदा ओढणारीपासून टीव्हीवालीपर्यंत. पोरगी ऐकत होती की नाही देव जाणे. ती गाठोडं ओट्यावर ठेवून सरळ आत गेली. आतून काकांचा आवाज आला. हूं नाही, अं नाही. मोठा, तुटका, ओरडल्यासारखा. मग तिचा हसण्याचा आवाज. मग बादलीत नळाचं पाणी पडल्याचा.

काकू थांबल्या. भिंतीपाशी परत आल्या. बराच वेळ बिबड्याचा उरलेला तुकडा चावत राहिल्या.

"ताई, सिंगापूरला सुट्टी किती असते म्हणालात?"

"मी म्हटलंच नाही अजून. असते आठवड्याला एक, पण पैसे देऊन ती कामावर घेता येते. महिन्यातली एक मात्र पैसे देऊनही घेता येत नाही, द्यावीच लागते. २०२३पासून तसा नियम आहे."

"म्हणजे वर्षाच्या बारा." काकूंनी बोटं मोजली. "बाराच्या बारा एकदम होळीला दिल्या, तर नियमात बसेल का?"

मी तोंड उघडायच्या आत आतून, बादलीच्या आवाजावरून, पोरीने उत्तर दिलं.

"पंधरा."